सेवाज्येष्ठतेनुसार संयुजा

जगातल्या प्रत्येक धन आयनाला कुठे ना कुठे त्याचा ऋण आयन भेटतो, दोघांचे प्रभार जुळतात आणि विश्वाचा गाडा सुरळीत चालतो, हा निसर्गाचा अढळ नियम आहे. सोलापुरात होटगी रस्त्यावरच्या एका विद्यालयात एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात हा नियम दीड दिवस बंद होता. तिथल्या सभागृहात छत्तीस धन आयन हजर होते आणि ऋण आयन व्हायला कोणी तयार नव्हतं.

हे छत्तीस जण म्हणजे जिल्ह्यातल्या निरनिराळ्या शाळांमधले विज्ञानाचे शिक्षक. ‘कृतीतून विज्ञान’ नावाच्या पाच दिवसांच्या प्रशिक्षणाला त्यांना बोलावलं होतं. पहिले तीन दिवस प्रशिक्षण उत्तम झालं, कारण त्यात कृती नव्हती. चौथ्या दिवशी ‘आयनिक संयुगांची नावे व रेणुसूत्रे’ हा घटक होता आणि तो घ्यायला मंगळवेढ्याच्या शाळेतले धनाजी लवटे सर तज्ज्ञ म्हणून आले होते.

लवटे सरांची पद्धत साधी होती. प्रत्येकाच्या गळ्यात एक कार्ड घालायचं. कार्डावर आयनाचं नाव आणि प्रभार. सोडियम अधिक एक, कॅल्शियम अधिक दोन, ॲल्युमिनिअम अधिक तीन. तिकडे क्लोराईड वजा एक, ऑक्साईड वजा दोन. जेवढा आकडा तेवढे हात. अधिकवाल्यांनी वजावाल्यांचे हात धरायचे आणि कुणाचाही हात मोकळा राहता कामा नये. मग किती जण कुणाला जोडले गेले ते मोजायचं, की झालं सूत्र. ॲल्युमिनिअमला तिसरा हात नसल्यामुळे सर त्याला एक पाय पुढे करायला लावत. मंगळवेढ्यातली नववीची पोरं या रीतीनं चाळीस सेकंदांत ॲल्युमिनिअम ऑक्साईड तयार करत आणि हसत हसत जागेवर जाऊन बसत.

पाचव्या दिवशी चार वाजता वरिष्ठ कार्यालयातले बिराजदार साहेब या कृतीचं सादरीकरण बघायला येणार होते. पत्रात स्पष्ट लिहिलं होतं, की सादरीकरण असमाधानकारक वाटल्यास हाच वर्ग मे महिन्याच्या सुट्टीत, त्याच तज्ज्ञांनी, पुन्हा घ्यावा. बाकीच्यांनी हे वाक्य वाचून सोडून दिलं. लवटे सरांनी ते तीनदा वाचलं, कारण चार मे रोजी ते सपत्नीक उटीला जाणार होते.

उटीचं आश्वासन त्यांनी लग्नाच्या वर्षी दिलं होतं, त्याला बावीस वर्षं झाली. एका मेमध्ये निवडणूक लागली, एका मेमध्ये जनगणना. दोन सुट्ट्या मतदारयाद्यांत गेल्या, तीन पेपर तपासण्यात. या वेळी प्रियदर्शनीबाईंनी स्वतः सहलवाल्याकडे जाऊन नावं नोंदवली होती आणि बेचाळीस अंश तापमानात सोलापूरच्या बाजारात फिरून दोन स्वेटर आणले होते. दुकानदाराला ते काढायला माळ्यावर चढावं लागलं.

तर चौथ्या दिवशी सकाळी लवटे सरांनी हजेरीपटाच्या क्रमानं कार्डं वाटली. अठरा अधिकची, अठरा वजाची. पाच मिनिटं सगळे आपापलं कार्ड बघत बसले. मग पहिल्या रांगेतून हिरेमठ सर उठले. चनमल्लप्पा हिरेमठ हे सभेतले सर्वांत ज्येष्ठ, अक्कलकोटकडच्या एका शाळेत पर्यवेक्षक, निवृत्तीला अडीच वर्षं बाकी. आवाज न चढवता बोलायची त्यांना सवय होती, त्यामुळे ते बोलले की लोक घाबरत.

“लवटे सर, एकतीस वर्षं सेवा झाली माझी,” ते म्हणाले. “एकतीस वर्षांनी मला वजा एक?”

लवटे सर म्हणाले, की तो तुमचा नाही, क्लोराईडचा आहे.

“गळ्यात माझ्या आहे की.”

एवढ्यात शिक्षक संघटनेचे तालुका चिटणीस कुमार सरही उठले. त्यांनाही क्लोराईडच आला होता. शिक्षकाच्या नावापुढे वजा चिन्ह कुठल्या नियमानं लावलं ते लेखी द्यावं, असं त्यांचं म्हणणं होतं. सभागृहाच्या फोटोंमध्ये ही कार्डं दिसणार, फोटो अहवालाला जोडले जाणार, अहवाल वर जाणार, आणि वर बसलेला माणूस आयन बघत नाही, वजा बघतो. हे बोलणं सगळ्यांना पटलं. लवटे सरांनाही पटलं. तेही याच खात्यात वाढले होते.

कार्डं कशाच्या आधारावर वाटायची, असा प्रश्न आला तेव्हा छत्तीस तोंडांतून एकच शब्द निघाला : सेवाज्येष्ठता. या लोकांच्या शाळांत चहा सेवाज्येष्ठतेनुसार येतो, फोटोला खुर्ची सेवाज्येष्ठतेनुसार मिळते आणि गॅदरिंगच्या जेवणात जिलेबीचं ताट त्याच क्रमानं फिरतं. तेव्हा संयुजा तरी वेगळ्या मार्गानं का जावी. लवटे सरांनी चहाच्या सुट्टीत यादी केली. सर्वांत ज्येष्ठ दोघांना, म्हणजे हिरेमठ आणि कुमार सरांना, ॲल्युमिनिअम अधिक तीन. पुढच्या दहा जणांना अधिक दोन. राहिलेल्या चोवीस जणांपैकी वरच्यांना सोडियम, पोटॅशियम अधिक एक. आणि यादीच्या तळाला वजा.

तळाला तीन शिक्षणसेवक होते. त्यांनी हात जोडून सांगितलं, की आम्ही अजून कायम झालेलो नाही, या काळात वजा लागला तर जन्मभर निघायचा नाही. त्यांच्या वरचे म्हणाले, की शिक्षणसेवकांना अधिक आणि आम्हाला वजा, हे कुठल्या यादीत बसतं. असं करत करत वजा यादीच्या शिडीवरून एकेक पायरी वर चढू लागला आणि प्रत्येक पायरीवर त्याला ढकलून देण्यात आलं. जेवणाच्या सुट्टीपर्यंत कार्डांवरच्या सगळ्या वजांना उभी रेघ मारून त्यांचे अधिक झाले होते. एका जणाच्या गळ्यात ‘सल्फेट अधिक दोन’ लटकत होतं आणि तो समाधानानं पोळी खात होता.

दुपारी लवटे सरांनी दोन वेळा विनंती केली, एकदा विनोद करून पाहिला. मग कुंभारीच्या शाळेतल्या कलशेट्टी मॅडम उठल्या. महेश्वरी कलशेट्टी या गेली चौदा वर्षं रसायनशास्त्र शिकवत होत्या आणि चार दिवसांत पहिल्यांदाच बोलत होत्या.

“अहो सर, पण अधिकवाल्याचं गेलेलं असतं नव्हं?” त्या म्हणाल्या. “सोडियमनं एक इलेक्ट्रॉन दिला म्हणून तो अधिक झाला. वजावाल्याला तो मिळाला. मिळालेलं कुणाला, गेलेलं कुणाचं, एवढं बघा की.”

वास्तविक हे सगळ्यांना ठाऊक होतं. वीस-वीस, पंचवीस-पंचवीस वर्षं ते हेच फळ्यावर लिहून देत होते. पण ते सोडियमबद्दल होतं. स्वतःच्या संदर्भात त्यांनी या माहितीकडे कधी पाहिलं नव्हतं.

हिरेमठ सरांनी गळ्यातलं कार्ड उचलून चष्म्याजवळ नेलं. “म्हणजे माझे तीन गेले?”

“सर्वांत जास्त तुमचेच गेले, सर,” कलशेट्टी मॅडम म्हणाल्या.

“कुणाला विचारून?”

यानंतरचा तासभर लवटे सरांना नीट आठवत नाही. साडेचारला वर्ग सुटला तेव्हा सगळ्या अधिकांच्या उभ्या रेघा खोडरबरानं, थुंकीनं आणि शेवटी नखानं काढून झाल्या होत्या. सभागृहात छत्तीस ऋण आयन होते. ज्येष्ठ दोघांनी वजा तीन मागून घेतला होता. संध्याकाळी प्रियदर्शनीबाईंचा फोन आला. कसं चाललंय, असं त्यांनी विचारलं आणि लवटे सरांनी सगळं सांगितलं.

“मला आयनबियन कळत नाही,” त्या म्हणाल्या. “साहेब पास करणार का नाही, तेवढं सांगा.”

“बघू की.”

“बघू नाही. मी स्वेटर घालून बघितलाय. आता बघायचं काही राहिलं नाही.” आणि त्यांनी फोन ठेवला.

पाचव्या दिवशी सकाळी लवटे सरांचे डोळे लाल होते. त्यांनी शेवटचा उपाय म्हणून विचारलं, की कुणालाच प्रभार दिला नाही तर चालेल का. सगळ्यांना चाललं. प्रभार नसलेल्या आणि कुणाशी जोडलं न जाणाऱ्या मूलद्रव्यांना राजवायू म्हणतात, हे कळल्यावर तर उत्साह पसरला. छत्तीस राजवायू हाताची घडी घालून एकमेकांपासून हातभर अंतरावर उभे राहिले आणि अशा स्थितीत ते चार वाजेपर्यंत सहज उभे राहिले असते. फक्त त्यातून संयुग तयार होत नव्हतं.

तेव्हा पुन्हा कलशेट्टी मॅडमच पुढे आल्या. माणूस वजा होत नसेल तर नसू दे, त्या म्हणाल्या, खुर्ची करा वजा.

सभागृहात चाळीस घडीच्या लोखंडी खुर्च्या होत्या. त्यांना हात नव्हते, म्हणून पाठ हाच एक हात मानला. त्या क्लोराईड, वजा एक. मुख्याध्यापकांच्या खोलीत आणि शिक्षककक्षात मिळून पाच हाताच्या खुर्च्या होत्या. दोन हात, म्हणजे ऑक्साईड, वजा दोन. सगळ्या शिक्षकांनी अधिक व्हायचं आणि ज्याचा जेवढा प्रभार तेवढ्या खुर्च्या धरायच्या. कॅल्शियमला घडीच्या दोन, सोडियमला एक.

“पण इलेक्ट्रॉन गेलेलाच की,” कुमार सर म्हणाले.

“गेला,” कलशेट्टी मॅडम म्हणाल्या, “पण खुर्ची मिळाली.”

जितकी सेवा जास्त तितक्या खुर्च्या जास्त, ही निसर्गाची योजना एकदा लक्षात आल्यावर सगळ्यांना आयनिक संयुगांबद्दल आपुलकी वाटू लागली. शिवाय पुरुष शिक्षकांनी बाई शिक्षकांचे हात धरायचे का, हा जो प्रश्न कालपासून कुणी ओठांवर आणला नव्हता, तोही सुटला. नाव वाचताना धन आयन आधी आणि ऋण आयन नंतर येतो. कुठल्याही खुर्चीनं तक्रार केली नाही.

अडचण एकच आली. हिरेमठ सरांना हाताच्या खुर्च्या हव्या होत्या आणि कुमार सरांनाही. अधिक तीनला वजा दोनच्या किती खुर्च्या लागतात, तर दीड. शाळेत अर्धी खुर्ची नव्हती. लवटे सरांनी फळ्यावर तिरकस गुणाकार करून दाखवला : ॲल्युमिनिअमचे तीन ऑक्साईडखाली, ऑक्साईडचे दोन ॲल्युमिनिअमखाली. दोघांत मिळून तीन खुर्च्या, एएल टू ओ थ्री. त्याप्रमाणे दोघं दोन टोकांच्या खुर्च्यांवर बसले. मधली रिकामी राहिली. तिचा डावा हात हिरेमठ सरांच्या कोपराखाली होता, उजवा कुमार सरांच्या. थोड्या वेळानं हिरेमठ सरांनी तिच्यावर पिशवी ठेवली. लगेच कुमार सरांनी पिशवीशेजारी फाईल ठेवली. एवढं सोडलं तर संयुग स्थिर होतं.

उरलेल्या दोन हाताच्या खुर्च्या दोन कॅल्शियमांना गेल्या. बाकी आठ जणांना घडीच्या दोन-दोन, चोवीस जणांना एकेक. चाळीसच्या चाळीस संपल्या. हिशोब इतका चोख बसला, की तीन वाजता लवटे सरांनी शाळेचा शिपाई ईरप्पा याला स्वतःहून चहा सांगितला. दोन दिवसांत पहिल्यांदाच त्यांना उटीची हवा लागल्यासारखी वाटली. कुणीही खुर्ची सोडायची नाही, सोडली तर सूत्र बिघडतं, असं त्यांनी सगळ्यांना चारदा बजावलं.

साडेतीनला, अर्धा तास आधीच, बिराजदार साहेब आले. वयानं पन्नाशीचे, अंगानं भरलेले, जिना चढून दमलेले. सवयीप्रमाणे सगळे उठायला गेले आणि खुर्च्या हातात असल्यामुळे अर्धवटच उठले. साहेबांनी “बसा, बसा,” म्हटलं आणि ते स्वतः बसायला वळले. मागे भिंत होती.

लवटे सरांनी ईरप्पाकडे पाहिलं. ईरप्पा बाहेर जाऊन आला.

“साहेब, शाळंत एक बी खुर्ची न्हाय,” तो म्हणाला. “समद्या हितंच हायती. वर्गात बाक हायत, पर त्ये जमिनीत रवल्यात.”

लवटे सर शेवटच्या रांगेतल्या एका सोडियमकडे गेले. सोडियमनं दबक्या आवाजात सांगितलं, की मला एकच आहे, ती दिली तर मी संयुगच राहत नाही. मग ते एका कॅल्शियमकडे गेले. दोनमधली एक द्या, ते म्हणाले. कॅल्शियम अकलूजकडचे होते आणि मन लावून ऐकणारे होते. “मग सीए सीएल होईल,” ते म्हणाले. “असं संयुग नाही, सर. तुम्हीच सकाळी सांगितलंत की.”

हिरेमठ सरांनी मधल्या खुर्चीवरची पिशवी उचलायची तयारी दाखवली, पण खुर्ची दोघांची असल्यामुळे कुमार सरांची संमती लागेल, असं म्हणाले. कुमार सर म्हणाले, संमतीला हरकत नाही, मात्र मागणी लेखी यावी. साहेब दरम्यान या पायावरून त्या पायावर होत होते. त्यांनी रुमालानं मान पुसली, घड्याळ पाहिलं आणि वहीत काहीतरी लिहिलं. लवटे सरांना दुरून तो शब्द ‘अस’ अशा अक्षरांनी सुरू होताना दिसला. त्यांच्या डोळ्यांपुढून दोन स्वेटर पुन्हा माळ्यावर चढून गेले.

“साहेब,” कलशेट्टी मॅडम उभ्या राहिल्या, “तुम्ही पण भाग घ्या की.”

टेबलावर एक कार्ड उरलं होतं. सल्फेट, वजा दोन. त्यांनी ते साहेबांच्या गळ्यात घातलं आणि शेवटच्या रांगेतल्या दोन शिक्षणसेवकांना बोलावलं. दोघं सोडियम होते. एका सल्फेटला दोन सोडियम लागतात, तेव्हा त्यांनी आपापल्या खुर्च्या सोडून साहेबांच्या दोन्ही बाजूंना उभं राहायचं होतं. ते आले. दोन क्लोराईड मोकळे झाले. त्यातला एक लवटे सरांनी साहेबांच्या मागे सरकवला. साहेब बसले. दोन्ही अंगांना एकेक जण हात बांधून उभा, आपण मध्ये खुर्चीवर, ही मांडणी त्यांच्या ओळखीची होती. त्यांचा चेहरा निवला.

मग त्यांचं लक्ष कार्डाकडे गेलं. “हे वजा दोन कशाचं?”

लवटे सर कार्ड काढून घ्यायला पुढे झाले.

“तुम्ही दोघांकडून एकेक घेतलेला आहे, साहेब,” कलशेट्टी मॅडम म्हणाल्या.

साहेबांनी झटकन डावीकडे पाहिलं, मग उजवीकडे, मग दाराकडे. “कुणी सांगितलं?”

“पुस्तकात आहे, साहेब. नववीच्या.”

“नववीच्या,” साहेब म्हणाले. “अस्सं.” त्यांनी थोडं पाणी मागितलं. त्यानंतर त्यांनी कुठल्याही आयनाला कुठलाही प्रश्न विचारला नाही. छत्तीस जणांनी आपापल्या संयुगाचं नाव आणि सूत्र सांगितलं आणि एकही चुकलं नाही, कारण प्रत्येकानं खुर्च्या आधीच मोजून ठेवल्या होत्या.

समारोपात साहेब वीस मिनिटं बोलले. ते म्हणाले, की आपण जिल्ह्यात शेकडो प्रशिक्षणं पाहिली. अधिकारी आला की लोक विषय सोडतात, खुर्ची देतात. इथं एका शिक्षकानंही सूत्र मोडून खुर्ची दिली नाही. विषयावर इतकी निष्ठा आपण पाहिली नव्हती. त्यांनी वहीत लिहिलेल्या शब्दावर आडवी रेघ मारली आणि खाली ‘अत्युत्कृष्ट’ असं लिहून सही केली. टाळ्या झाल्या. लवटे सरांनी दाराआड जाऊन घरी फोन लावला आणि पास झालो, एवढं एकच वाक्य सांगितलं. मग प्रियदर्शनीबाईंनी विचारलं, की मोजे किती घ्यायचे.

सोमवारी पत्र आलं. असमाधानकारक वर्ग पुन्हा घेण्याची तरतूद पहिल्या पत्रात होती. अत्युत्कृष्ट वर्गाचं काय करायचं, ते या पत्रात होतं. असा वर्ग एका बॅचपुरता ठेवणं योग्य नसल्यानं तो संपूर्ण जिल्ह्यासाठी, त्याच तज्ज्ञांमार्फत, चार मे ते आठ मे या काळात घेण्यात यावा. तज्ज्ञांना रजा मंजूर होणार नाही.

उटीला प्रियदर्शनीबाई त्यांच्या बहिणीला घेऊन गेल्या. लवटे सरांनी वर्ग घेतला. त्याला एकशे चाळीस शिक्षकांना बोलावलं होतं. एकोणीस आले. त्यांतले अकरा भूगोल शिकवत होते.